सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेसाठी घेतलेली वाय-फाय लॉगिन सिस्टीम, घ्यावी का?

घ्या, पण व्हेंडर म्हणेल तशी घेऊ नका, बसवताना समोर उभं राहून प्रत्येक सेटिंग विचारून घ्या. हे आधीच सांगून टाकते कारण बरेच जण पहिल्या चार ओळी वाचून फोन लावतात. सिस्टीम चांगली आहे, तिच्यामुळे आमच्याकडची नेटवरून होणारी रोजची भांडणं बंद झाली, पण पहिल्या दिवशी जशी लावून दिली होती तशीच राहू दिली असती तर मुलांच्या टेस्ट बुडत राहिल्या असत्या आणि त्यांची माहितीपण नको तिकडे गेली असती. व्हेंडरचं नाव लिहीत नाहीये, पुण्यात ही सर्व्हिस देणारे बरेच आहेत आणि सगळे साधारण हेच देतात, एक राउटर, भिंतीवर तीन-चार ॲक्सेस पॉइंट, एक लॉगिनचं पान आणि महिन्याचं भाडं. त्यामुळे नावापेक्षा काय विचारायचं ते माहीत असणं जास्त कामाचं.

आमची अभ्यासिका शास्त्री रोडवरून आत आलं की गल्लीत आहे, वर दोन मजले आणि खाली बेसमेंट, बहुतेक सगळे एमपीएससीचे, थोडे यूपीएससीचे आणि सीए करणाऱ्या काही मुली. आधी सगळ्यांना एकच वाय-फाय पासवर्ड होता आणि तो रिसेप्शनच्या काचेवर चिकटवलेला असायचा. मग व्हायचं काय तर तो पासवर्ड मेसमधल्या मित्राकडे जायचा, तिथून समोरच्या हॉस्टेलला, फी संपलेली पोरं खाली चहाच्या टपरीवर उभी राहून आमच्याच नेटवर पीडीएफ उतरवायची आणि आत महिन्याचे पैसे भरून बसलेल्या मुलाचं लेक्चर गोल गोल फिरत बसायचं. पासवर्ड बदलला की सगळ्यांच्या फोन-लॅपटॉपमध्ये नवीन टाकून द्या आणि संध्याकाळपर्यंत तो पण बाहेर. पासवर्ड एकच असला की नेमकं कोण वापरतंय हे राउटरला कळायला काही मार्गच नसतो, आणि एकट्याला बंद करायचं म्हटलं तर सगळ्यांना बंद करावं लागतं.

लॉगिनवाल्या सिस्टीममध्ये, कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात तिला, प्रत्येकाचं वेगळं खातं असतं. रेल्वे स्टेशनवरचं रेलटेलचं वाय-फाय ज्यांनी वापरलंय त्यांना हे पान ओळखीचं असेल, आधी मोबाइल नंबर मग ओटीपी मग नेट. मी आधी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम केलंय त्यामुळे आत काय चालतं ते थोडं सांगते, कारण ते कळलं की पुढच्या तक्रारी कुठून येतात ते आपोआप कळतं.

फोन वाय-फायला जोडला जातो, राउटर त्याला आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कमधला त्याचा नंबर देतो, इथपर्यंत सगळं नेहमीसारखंच. पण राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या भागात, नियम असतो की लॉगिन न केलेल्या डिव्हाइसचं काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही, फक्त पत्ते शोधण्यापुरतं डीएनएस आणि लॉगिनचं पान तेवढं चालू. आता फोन काय करतो, जोडला गेला की तो स्वतःच बघतो खरंच नेट आहे का. अँड्रॉइड गुगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विचारतो आणि तिथून 204 कोडचं रिकामं उत्तर यायला लागतं, आयफोन कॅप्टिव्ह डॉट ॲपल डॉट कॉमवर जाऊन सक्सेस एवढा शब्द शोधतो, विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका छोट्या टेक्स्ट फाइलमधलं ठरलेलं वाक्य बघतं. हे विचारणं मुद्दाम साध्या, म्हणजे एन्क्रिप्शन नसलेल्या एचटीटीपीवर असतं, म्हणून राउटरला ते मध्येच अडवून आपल्या लॉगिनच्या पानाकडे वळवता येतं. हवं ते उत्तर आलं नाही की फोन समजतो इथे आधी लॉगिन लागणार आणि वर नोटिफिकेशन येतं. मग मुलगा आपलं नाव-पासवर्ड टाकतो, राउटर तो रेडियस नावाच्या सर्व्हरला विचारतो हा आपला का, सर्व्हर हो म्हणतो आणि सोबत सांगतो याला इतका वेळ द्या, इतका स्पीड द्या, एका वेळी दोनच डिव्हाइस. त्यानंतर त्या डिव्हाइसपुरता फायरवॉलचा नियम उघडतो. इतकंच आहे, पण या इतक्यातच फी संपल्याच्या तारखेला नेट आपोआप बंद होतं, कुणाला तोंडावर सांगावं लागत नाही आणि बाकीच्यांना काही फरक पडत नाही. मला याचं फार बरं वाटलं, कारण फीवरून मुलांशी बोलणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, बरीचशी पोरं शेतकऱ्यांच्या घरातली असतात, चार दिवस उशीर होतोच, आता मी पॅनेलमध्ये त्याची तारीख पुढे ढकलते आणि चार लोकांसमोर विषयही निघत नाही.

दुसरं कारण कायद्याचं. कनेक्शन माझ्या नावावर आहे आणि आतली शंभरएक डिव्हाइस बाहेरून बघणाऱ्याला एकाच आयपी पत्त्याची दिसतात. कुणी इथे बसून काही उद्योग केला तर पोलीस ज्याच्या नावावर कनेक्शन त्याच्याकडेच येणार. दूरसंचार विभागाने 2009 सालीच सांगून ठेवलंय की सार्वजनिक जागी वाय-फाय देताना माणसाची ओळख पटली पाहिजे, मोबाइलवर पासवर्ड पाठवून किंवा ओळखपत्राची प्रत घेऊन. एकाच पासवर्डवर यातलं काहीच होत नाही. लॉगिन सिस्टीममध्ये कोण कधी आत आला, कधी बाहेर गेला, कुठला आयपी मिळाला याची नोंद राहते. नोंद किती दिवस राहते आणि ती कुठे ठेवलीय, तुमच्या राउटरवर का व्हेंडरच्या सर्व्हरवर, हे नक्की विचारा, आमच्या राउटरवर सुरुवातीला लाईट गेली की नोंद पण जायची.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी टाइमआउटची. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि व्हेंडरची माणसं दोन्हीला सेशन म्हणून मोकळी होतात. एक सेशन टाइमआउट, म्हणजे लॉगिन केल्यापासून अमुक तासांनी परत लॉगिन, काहीही करत असलात तरी. दुसरा आयडल टाइमआउट, म्हणजे इतकी मिनिटं डिव्हाइसकडून काही हालचाल नाही तर बाहेर. आमच्याकडे सेशन चार तासांचं आणि आयडल पंधरा मिनिटांचा ठेवला होता. हॉटेलात चालेल ते, अभ्यासिकेत कसं चालेल? एक मुलगी टेस्ट सिरीजचा पेपर देत होती, प्रश्न सगळे आधीच उतरलेले असतात आणि ती शांतपणे कागदावर गणितं करत बसलेली, लॅपटॉपवरून बाहेर काहीच जात नव्हतं, राउटरने तिला काढून टाकलं. शेवटी सबमिट दाबलं तर चक्र फिरतंय फिरतंय आणि मग लाल पट्टी, नो इंटरनेट. पेपर तिने पूर्ण सोडवला होता. तिने नवीन टॅबमध्ये लॉगिनचं पान उघडेपर्यंत टेस्टची वेळ संपली. ती काही बोलली नाही, बाटली भरायला म्हणून उठून गेली, पण मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी व्हेंडरच्या मुलाला बोलावून आयडल दोन तास करून घेतला आणि सेशन असं की रात्री अभ्यासिका बंद झाल्यावरच संपेल. त्याचं म्हणणं होतं मॅडम सगळ्यांकडे हेच सेटिंग असतं. असेल, पण ते बदलायला त्याला दोन मिनिटं लागली, मग पहिल्याच दिवशी विचारायला काय हरकत होती?

दुसरी तक्रार ओटीपीची. व्हेंडरला सगळीकडे ओटीपीच द्यायचा असतो कारण त्यात त्यांना खाती बनवत बसावं लागत नाही. पण आमच्या बेसमेंटमध्ये मोबाइलला रेंजच नाही, म्हणून तर तिथे वाय-फाय लागतं! ओटीपीसाठी मुलं जिना चढून दारापर्यंत यायची, मेसेज यायचा, खाली जाऊन टाकेपर्यंत त्याची वेळ संपलेली. शिवाय बरीच मुलं परीक्षा जवळ आली की स्मार्टफोन घरी ठेवून साधा बटणांचा फोन वापरतात किंवा फोन लॉकरमध्ये टाकतात, त्यांना दर वेळी बाहेर काढायला लावणं म्हणजे त्यांच्या अभ्यासावरच घाला. शेवटी असं केलं की ॲडमिशनच्या दिवशी ओळखपत्र बघून एकदाच ओटीपी घ्यायचा आणि त्यानंतर युजरनेम-पासवर्ड. ओळख पटतेय, नोंद राहतेय आणि रोजचा त्रास नाही. तुमची जागा बेसमेंटमध्ये किंवा जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात असेल तर हे डोक्यात ठेवा.

तिसरी गोष्ट, लाल पान. मुलं ब्राउझर उघडून सरळ एखादी एचटीटीपीएसवाली, म्हणजे एन्क्रिप्शन असलेली साइट टाकतात आणि तुमचं कनेक्शन खासगी नाही असं भलंमोठं वॉर्निंग येतं, मग काकू वाय-फाय हॅक झालंय का म्हणून विचारत येतात. हॅक नसतं. एचटीटीपीएसमध्ये साइट आपलं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखीचा पुरावा दाखवते, राउटर मध्येच उत्तर द्यायला गेला तर त्याच्याकडे ते सर्टिफिकेट नसतं, ब्राउझर बरोबर पकडतो आणि थांबवतो. ब्राउझरने तसंच करायला पाहिजे, ते वॉर्निंग ओलांडून पुढे जायची सवय मुलांना लावू नका. त्यापेक्षा नेव्हरएसएसएल डॉट कॉमसारखी साधी एचटीटीपीवाली साइट उघडायला सांगा, लॉगिनचं पान लगेच समोर येतं. आम्ही हे छापून प्रत्येक टेबलावर लावलंय. व्हीपीएन कायम चालू ठेवलं असेल किंवा लॅपटॉपमध्ये हाताने दुसरा डीएनएस टाकलेला असेल तरी पान येत नाही, तेवढ्यापुरतं बंद करायचं, लॉगिन करायचं, परत चालू करायचं. यावर तांत्रिक तोडगा पण आहे, 2020 मध्ये आलेल्या आरएफसी 8910 या इंटरनेटच्या तांत्रिक मानकाप्रमाणे आयपी पत्ता देतानाच राउटर डिव्हाइसला सांगू शकतो की लॉगिनचं पान या पत्त्यावर आहे, म्हणजे अडवाअडवी करायचीच गरज नाही. आमच्या व्हेंडरला मी याबद्दल विचारलं तर त्याने नावच ऐकलं नव्हतं.

लॉगिनच्या पानाचं स्वतःचं सर्टिफिकेट हा वेगळाच विषय आहे आणि इथे मी खरंच चिडले होते. सुरुवातीला पान साध्या एचटीटीपीवर होतं आणि वाय-फाय पण उघडं, पासवर्ड नसलेलं. म्हणजे मुलगा जो पासवर्ड टाकतोय तो हवेतून जसाच्या तसा जातोय आणि शेजारी बसलेल्याने लॅपटॉपवर साधं सॉफ्टवेअर लावलं तरी वाचता येतोय. बरेच जण ईमेलला असतो तोच पासवर्ड इथेही टाकतात. पोर्टल आहे म्हणजे वाय-फाय सुरक्षित झालं हा गैरसमज फार आहे, पोर्टल फक्त कुणाला बाहेर सोडायचं ते बघतं, हवेतला डेटा लपवण्याचं काम त्याचं नाही, ते वाय-फायच्या डब्ल्यूपीए एन्क्रिप्शनचं. मी दोन्ही मागितलं, वाय-फायला पासवर्ड पण आणि वर पोर्टल पण, आणि पान एचटीटीपीएसवर. भिंतीवरचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो त्यामुळे तोही काही अभेद्य नाही, पण उघड्या वाय-फायपेक्षा शंभर पटीने बरा. पानासाठी त्यांनी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट लावून दिलं, ते फुकट असतं, पण त्याची मुदत 90 दिवसांची. आपोआप नवीन व्हायला पाहिजे होतं, झालं नाही, आणि एका गुरुवारी सकाळी सगळ्यांना लाल पान. गुरुवार म्हणजे आधीच महावितरणचं दुरुस्तीचं काम, लाईट जाऊन आली, राउटर रीस्टार्ट, सगळ्यांचे सेशन उडालेले, सगळे एकदम लॉगिन करायला बसले आणि पानच उघडेना. व्हेंडरचा फोन दुपारपर्यंत लागला नाही. त्या दिवशीच राउटर आणि ॲक्सेस पॉइंट दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले, ते तुम्ही पहिल्याच दिवशी करा, नुसता राउटर घेऊन भागत नाही.

त्यातूनच आणखी एक कळलं. आमचा रेडियस सर्व्हर व्हेंडरच्या क्लाउडवर आहे. त्यांच्याकडे काही गडबड झाली की जे आधीच आत आहेत त्यांचं चालू राहतं पण नवीन कुणीच आत येऊ शकत नाही, भले आमचं फायबर ठणठणीत असो. खात्यांची एक प्रत राउटरवरच ठेवता येते, क्लाउड मिळाला नाही तर राउटर स्वतः बघून सोडेल अशी. मी मागून घेतली. बहुतेक चांगल्या राउटरमध्ये ही सोय असते, मायक्रोटिकच्या राउटरमध्ये तर हॉटस्पॉट आणि युजरची यादी आतच येते, वेगळं काही घ्यावं लागत नाही, फक्त ते चालू करून द्यायला माणूस जाणकार लागतो.

डिव्हाइस ओळखण्याचं बोलू. एकदा लॉगिन केलं की महिनाभर परत विचारणार नाही असं आम्हाला सांगितलं होतं. हे मॅक पत्त्यावर चालतं, प्रत्येक डिव्हाइसच्या वाय-फायचा एक नंबर असतो तो राउटर लक्षात ठेवतो. पण सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन गाडीचा नंबर बघून आत सोडतो, चालवणारा कोण आहे ते बघत नाही, तसंच हे आहे. कुणी दुसऱ्याचा मॅक पत्ता आपल्या लॅपटॉपला लावला तर राउटर त्याला खुशाल आत घेतो. आणि उलट बाजूने, अँड्रॉइड 10 पासून म्हणजे 2019 पासून आणि आयफोनमध्ये आयओएस 14 पासून म्हणजे 2020 पासून फोन खरा मॅक पत्ता दाखवतच नाही, प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा बनावट पत्ता वापरतो. प्रायव्हसीसाठी ते चांगलंच आहे, मी कुणाला कायमचं बंद करायला सांगणार नाही. पण आयफोनमध्ये तो सेटिंगनुसार अधूनमधून बदलतो, मग महिनाभर राहू दे, मध्येच परत लॉगिन मागतं आणि जुना पत्ता पण यादीत तसाच राहिल्यामुळे दोन डिव्हाइसची मर्यादा संपलेली दाखवतं. आपल्या वाय-फायपुरतं ते फिक्स्डवर ठेवायचं की झालं. आणि व्हेंडरकडून पानावर दोन बटणं मागून घ्या, एक लॉगआउटचं आणि एक माझी जुनी डिव्हाइस काढा. आमच्याकडे आधी लॉगआउटच नव्हतं! जुना फोन विकला तरी त्याची जागा अडकून राहायची आणि प्रत्येक वेळी मी पॅनेलमध्ये जाऊन काढायची.

खरं तर नीट उपाय वेगळा आहे, डब्ल्यूपीए-एंटरप्राइझ, एज्युरोम हे शिक्षणसंस्थांचं सामायिक वाय-फाय वापरणाऱ्या युनिव्हर्सिट्यांमध्ये असतो तो. तिथे वाय-फायला जोडतानाच प्रत्येकाचं आपलं नाव-पासवर्ड, हवेतलं एन्क्रिप्शन पण प्रत्येकाचं वेगळं, पान उघडायची भानगडच नाही. मी विचार केला होता, पण मुलांच्या जुन्या फोनवर सर्टिफिकेटची सेटिंग एकेकाला करून देत बसावं लागलं असतं आणि आमच्याकडे दर महिन्याला नवीन मुलं येतात. ऑफिस असेल, माणसं तीच ती असतील, तर मात्र पोर्टलच्या मागे लागू नका, हेच करा. कॅफे किंवा टपरीवाल्यांसाठी पीएम-वाणी ही सार्वजनिक वाय-फायची योजना आहे, डिसेंबर 2020 मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने मंजूर केलेली, त्यात छोट्या दुकानदाराला लायसन्स न घेता वाय-फायचे छोटे पॅक विकता येतात आणि लॉगिन-ओळखीचं काम वरची कंपनी बघते. आमचं नेट फीमध्येच धरलेलं आहे त्यामुळे त्याचा आम्हाला उपयोग नव्हता.

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर गोष्ट. व्हेंडरने दिलेल्या पानावर नाव, मोबाइल, ईमेल, जन्मतारीख, स्त्री की पुरुष इतकं सगळं विचारलेलं होतं आणि खाली ऑफर पाठवायला माझी परवानगी आहे या चौकटीत आधीच टिक केलेली. पोरांना नेट पाहिजे असतं, ती न वाचता पुढे जातात. जन्मतारीख कशाला हवी वाय-फायला? मी विचारलं तर उत्तर आलं, डेटा असलेला बरा मॅडम. कुणाला बरा? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याला लागते तेवढीच घ्यायची आणि संमती माणसाने स्वतः दिलेली पाहिजे. मुली एकट्या राहून शिकतायत या शहरात, त्यांचे नंबर आणि वय कुठल्यातरी मार्केटिंगच्या यादीत जाणार असेल तर मला असली सिस्टीम फुकट दिली तरी नको. नाव आणि मोबाइल सोडून सगळे रकाने काढायला लावले, टिक काढायला लावली आणि माहिती तिसऱ्या कुणाला देणार नाही असं लेटरहेडवर लिहून घेतलं. कुरकुर केली त्यांनी, पण दिलं.

पैशांचं म्हणाल तर राउटर-ॲक्सेस पॉइंटचा खर्च एकदाच आणि पोर्टलचं भाडं महिन्याला हजाराच्या आत, आमच्या आकाराच्या जागेला हे परवडतं. स्पीड आधी होता तेवढाच प्लॅन आहे, तरी आता संध्याकाळी सात ते दहा, जेव्हा सगळे एकदम लेक्चर लावतात, तेव्हापण चालतं, कारण बाहेरचे वापरणारे गेले आणि प्रत्येकाला स्पीडची मर्यादा आहे. पाचपैकी साडेतीन देईन. एक मार्क सपोर्टचा गेला, अर्धा त्या जन्मतारखेचा. करार पुढच्या वर्षासाठी वाढवताना सर्टिफिकेटची जबाबदारी त्यांची आणि गुरुवारी सकाळी फोन उचलायला माणूस, या दोन अटी लेखी मागितल्यात, त्यांचं उत्तर यायचंय.